चार पाहुणे धरून घेतलेला जनरेटर

आमच्याकडे एक बस आहे. हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग आमच्या यांच्याकडे बघतात आणि विचारतात, "कुठून कुठपर्यंत चालते?" तसली बस नाही हो. तळोज्याच्या कारखान्यात कामगारांची ने-आण करून दमलेली बारा सीटांची मिनीबस. निवृत्त झाल्यावर लोक गावाकडे दोन गुंठे घेतात, कुणी बायकोला बांगड्या करतात. यांनी बस घेतली. सगळ्या सीटा काढून टाकल्या, मागे आम्हा दोघांचा पलंग केला, खिडकीखाली पाहुण्यांसाठी एक अरुंद पलंग केला, दाराजवळ शेगडीचा ओटा आणि त्याखाली पाण्याची टाकी. पडदे माझ्या जुन्या साड्यांचे. खांदा कॉलनीतली पोरं तिला चालतं घर म्हणतात. माझा भाचा कॅम्परव्हॅन म्हणतो. मी गाडी म्हणते, कारण धुवायची वेळ आली की ती गाडीच असते आणि धुणारी मीच असते.

या गाडीतून आम्ही दोघं बरंच हिंडलो. वीज कधी लागली नाही. उजेड आहे तोवर फिरायचं, मग जेवून आडवं व्हायचं. जनरेटर हा शब्द आमच्या घरात शिरला तो माझ्या ताईमुळे.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही उरणकडच्या शेतकऱ्याच्या मुली. तिला चिरनेरला दिली, मला पनवेलला. तिला दमा आहे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा ती वाफेचं मशीन लावते. त्यात औषध घालायचं, तोंडावर मास्क धरायचा आणि पंधरा मिनिटं ती औषधाची वाफ ओढायची. मशीन विजेवर चालतं. बॅटरीवरचं छोटं मशीन तिच्या मुलानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, आणून बघितलं होतं, पण त्याची वाफ तिला पुरेना. डॉक्टरांनी मोठंच ठेवा म्हणून सांगितलं. त्यामुळे सहा वर्षांत ताई एक मुक्काम घराबाहेर राहिली नव्हती. लग्नाला यायची, अक्षता टाकायची आणि पंगत बसायच्या आत परत फिरायची, संध्याकाळच्या वाफेला. सहा वर्षांत तिनं कुठल्याच लग्नातली जिलेबी गरम खाल्लेली नाही.

दिवाळीला ती आमच्याकडे आली तेव्हा पहिल्यांदा गाडीत चढली. खिडकीखालच्या पलंगावर बसली. पडदा लावला, उघडला, परत लावला. मग म्हणाली, "हितं कोन चाय मागाया येनार नाय ना?"

"कोण येणार? आपण दोघी आणि हे."

"मंग मला ने. दोन दिस. जास्त नाय."

मी तिला कधी काही मागताना ऐकलेलं नव्हतं. लहानपणी आंब्याची कोयसुद्धा तिनं मला दिलेली आहे. मी म्हटलं, नेते.

जागाही ठरली. कर्जतच्या पुढे धरणाच्या काठाला यांच्या खात्यातल्या एका जुन्या सोबत्याचं शेत आहे. झाडं, पाणी, शांतता, सगळं आहे. फक्त वीज नाही. वीज खात्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाच्या शेतात वीज नाही, आणि हे तो अभिमानानं सांगतो.

भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मावशी, लॉजवर जा की. तिथं लाइट असते."

ताई आतून म्हणाली, "लॉजवर जाऊन परत भिंतीच बघू? आनि तिथं वासाचा फवारा मारतात, मला ढास लागते."

भाचा वाईट मुलगा नाही. बापामागे आईला फुलासारखी जपतो. पण फुलानं कुंडीतच राहावं असं त्याचं मत. शेवटी त्यानं अट घातली. "वीज असेल तरच आई येईल. आणि आधी माझ्यासमोर मशीन पूर्ण पंधरा मिनिटं चालवून दाखवायचं. मध्ये बंद पडलं तर विषय संपला."

म्हणजे जनरेटर हवा. गाडीच्या बॅटरीवरून चालवावं का, असं मी यांना विचारलं, तर म्हणाले, "चालेल. मग बॅटरी उतरली की परत येताना तू आणि ताई गाडी ढकला."

आता आमचे हे. चौतीस वर्षं वीज खात्यात. खांबावर चढण्यापासून सुरुवात केली आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. जनरेटर म्हटल्यावर यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी घरात सवत आणायचं म्हणाले.

"मी चौतीस वर्षं लोकांच्या घरी वीज पोचवली," हे म्हणाले. "आता डबड्यातली वीज विकत घेऊ?"

"मग धरणावर आकडा टाकणार आहात का?"

लोकांनी तारांवर टाकलेले आकडे काढण्यातच यांची अर्धी नोकरी गेली होती. त्या दिवशी जेवणात यांनी कोशिंबिरीला हात लावला नाही, यावरून मी काय ते समजले. जनरेटर मलाच निवडावा लागणार होता.

माझे भिशीचे पंचवीस हजार होते. त्याच्या वर जायचं नाही, हे पक्कं. पण किती मोठा घ्यायचा, ते कसं ठरवायचं? शेजारच्या वहिनींच्या मुलानं सांगितलं, "मावशी, सोपं आहे. काय काय लावणार त्याची यादी करा. प्रत्येक वस्तूच्या मागे वॅट लिहिलेले असतात. बेरीज करा."

यादी करणं मला येतं. पण माझी यादी करायची पद्धत आईकडून आलेली. आईचा नियम होता की घरातली माणसं मोजायची, आणि मग चार जास्तीची धरायची. ती चार कोण, हे विचारायचं नाही. भात त्यांच्यासकट टाकायचा. आमच्याकडे पाहुणा दारात आल्यावर परत आधण ठेवणं म्हणजे अपमान मानतात. पाहुण्याचा नाही, घराचा. मी आजही दोघांना पाच वाट्या तांदूळ धुते, आणि हे रोज सकाळी फोडणीचा भात खातात.

तर यादी सुरू झाली. ताईचं मशीन. दोन फोन. एक छोटा पंखा. इथं थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मनात आलं, यांचा तो सोबती शेतावर भेटायला येणारच. एकटा येईल? बायको असेल. तिला नुसत्या भाताशी काय वाढायचं? ओलं खोबरं वाटायला मिक्सर हवा. मिक्सर लिहिला, साडेसातशे. सकाळी सगळ्यांना अंघोळीला पाणी, म्हणजे हीटर. सोसायटीच्या बाकावर यादी वाचून दाखवली तर एकीनं इस्त्री सुचवली. कशाला, ते तिलाही माहीत नव्हतं. दुसरी म्हणाली, "टेबलफॅन दोन घ्या, एकाचं वारं माझ्या मिस्टरांना पुरत नाही." तिचे मिस्टर आमच्याबरोबर येणार नव्हते. तरी मी लिहिला.

हे पेपरच्या आडून ऐकत होते. बोलायचं नाही असं ठरवलेलं, पण बेरीज चुकली की यांना राहवत नाही.

"हीटर आणि इस्त्री एका वेळी लावणार आहेस का?"

"पाहुणे एका वेळीच येतात."

"कुठले पाहुणे?"

"ते आल्यावर कळेल ना."

पेपर परत वर गेला.

एसटी स्टँडच्या मागे जुन्या बाजारात मोटारी आणि पंपांचं एक दुकान आहे. दुकानदार चाचा पंचाहत्तरीचे, पांढरी दाढी, पूर्वी आखातात कामाला होते. तिथं वाळवंटात जनरेटर सांभाळायचंच काम होतं त्यांचं. त्यांनी माझी यादी चष्मा वर करून वाचली.

"भाभी, घरात शादी आहे का?"

"नाही हो. आम्ही तिघं धरणावर जातोय. दोन दिवस."

"तिघं." त्यांनी परत यादी बघितली. "आणि इस्त्री?"

मी म्हटलं, असू दे. त्यांनी एक छोटा जनरेटर पुढे सरकवला, लाल रंगाचा, हातात धरायची मूठ असलेला, शाळेच्या पेटीसारखा. "तुमचं हे वाफेचं मशीन, पंखा, फोन, सगळं यावर बिनतक्रार चालेल. आवाज कमी, वजन कमी. थोडा वापरलेला आहे, कव्हरला तडा आहे, बाकी इंजिन अव्वल."

मी त्याच्याकडे बघितलं. एवढासा. मला तो दोन माणसांच्या कुकरसारखा वाटला. आमच्या घरात दोन माणसांचा कुकर कधी आलेला नाही. बाजूला दुसरा होता, त्याच किमतीत, जुनाच, पण काय ऐसपैस. चार पाय, वर टाकी, चारी बाजूंनी लोखंडी पाइपांची चौकट. पातेलं घ्यावं तर असं. तेवढ्याच पैशात तिप्पट वीज मिळत असेल तर छोटा कोण घेईल?

"भाभी, मोठा घेऊ नका," चाचा म्हणाले. "तुम्हाला तकलीफ होईल."

"मोठ्या भांड्यात थोडं शिजतं चाचा, छोट्यात जास्त शिजत नाही."

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "ठीक आहे. आठ दिवस वापरून बघा. नाही जमलं तर परत आणा, हा छोटा घेऊन जा. तोवर मी विकत नाही. एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. काही झालं तरी गाडीच्या आत चालवायचा नाही. दाराजवळ नाही, खिडकीखाली नाही. दूर, मोकळ्यात. याचा जो धूर दिसत नाही तो जास्त वाईट. माणूस झोपल्या जागी जातो."

ते मी बरोबर ऐकलं. बाकीचं ऐकलं नाही.

टेम्पोतून जनरेटर कॉलनीत आला. उतरवायला टेम्पोवाला, वॉचमन, वहिनींचा मुलगा आणि इस्त्रीवाला असे चौघं लागले. पंचेचाळीस किलो. हे गॅलरीत उभे राहून बघत होते. वरूनच म्हणाले, "धरणावर उतरवायला हे चौघं आपल्याबरोबर येणार आहेत का?"

मी म्हटलं, आधी गाडीत तर ठेवू. पलंगाखाली जाईना. ओट्याखाली पाण्याची टाकी. दारात ठेवला तर आत जायचं कसं? एकच जागा होती. खिडकीखालचा अरुंद पलंग काढला तर तिथं तो असा बसला, जणू मापानंच केलाय. मी कपाळावर हात मारला. पाहुण्यांसाठी घेतलेला जनरेटर पाहुण्याच्याच जागेवर बसला होता. ताई कुठं झोपणार? वहिनींचा मुलगा म्हणाला, "मावशी, त्याच्यावर गादी टाकली तर?" त्याला मी घरी पाठवलं.

पण रविवारी भाचा ताईला घेऊन मशीन बघायला येणार होता. म्हटलं, आधी परीक्षा होऊ दे, पलंगाचं मग बघू.

रविवारी सकाळी जनरेटर सोसायटीच्या मोकळ्या जागेत मधोमध मांडला. नवी वस्तू, म्हणून हळद-कुंकू लावलं, टाकीवर फूल ठेवलं, पुढे नारळ फोडला. ताईसाठी खुर्ची टाकली, पुढे स्टुलावर तिचं मशीन. भाच्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. हे लांब, बसच्या पायरीवर, हाताची घडी घालून.

दोरी ओढायची असते हे मला माहीत होतं. मी ओढली. फुर्र झालं आणि थांबलं. वहिनींच्या मुलानं ओढली, वॉचमननं ओढली. वॉचमन मागे कुंडीवर जाऊन बसला. हे तिकडून एकच शब्द बोलले, "चोक." आमच्यापैकी कुणालाच चोक कुठं असतो ते माहीत नव्हतं. शेवटी हे उठले, एक खटका सरकवला, एका हातानं दोरी ओढली आणि परत पायरीवर जाऊन हाताची घडी घातली.

जनरेटर सुरू झाला. आता तो आवाज कसा सांगू? गणपतीत मंडळाच्या मागे उभं राहिलं की छातीत जे होतं, ते. चारही इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. एवढा मोठा जनरेटर लागलाय म्हणजे कॉलनीतली लाइट गेली, अशी सगळ्यांची समजूत झाली. घरात पंखा फिरतोय ते कुणी बघितलं नाही. सगळे खाली उतरले आणि उतरले ते थेट यांच्याकडे, कारण हे खात्यातले.

"साहेब, किती वेळ लागेल?"

"फेज गेलाय का साहेब?"

"माझं बिल पण बघा ना जरा, मागच्या महिन्यात दुप्पट आलंय."

यांच्याभोवती वीस माणसं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण हे उभे राहिले, खिसे चाचपले, पेन शोधलं आणि एकाची तक्रार लिहून घ्यायला लागले. सवय.

इकडे ताईनं मास्क लावला होता. मशीन चालत होतं. चार मिनिटं झाली, पाच झाली. मी भाच्याकडे बघून हसले. तेवढ्यात वारं फिरलं. जनरेटरचा सगळा धूर वळून खुर्चीवर आला. मास्कच्या आत औषधाची वाफ आणि बाहेर पेट्रोलचा भपका. ताईनं एकदा खाकरलं, दुसऱ्यांदा, आणि मग तिची ढास थांबेना. मी धावत जाऊन जनरेटर बंद करायला बटण शोधते आहे, सापडत नाही. भाच्यानं आईला खुर्चीसकट उचललं आणि जिन्याखाली नेलं.

घरात आमच्या भिंतीवरच्या विजेवर तिनं राहिलेली वाफ घेतली. तासाभरानं श्वास ताळ्यावर आला. मी तिच्या पायाशी बसले होते. भाचा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "मावशी, राहू दे. आई येणार नाही."

ताई पदराची किनार बोटावर गुंडाळत होती. जाताना जिन्यात मला म्हणाली, "तुजा काय दोस नाय गं. पन त्या मेल्याला कुंकू कनाला लावलंस?"

ते गेल्यावर मी ओट्याशी उभी राहिले आणि पाच वाट्या तांदूळ धुतले. हात आपोआप चालले. मग ते पाण्यातले तांदूळ बघून मला रडायला आलं. दोन माणसांना हे एवढं कशाला शिजवते मी रोज? आणि जी एक पाहुणी खरोखर यायची होती, तिला बसवलं कुठं, तर धुरात.

हे आले. मला वाटलं, आता म्हणतील, सांगत होतो. पण यांनी पोटमाळ्यावरून आपली नोकरीची कातडी पिशवी काढली. नऊ वर्षांत ती खाली आली नव्हती. आतून चिमट्यासारखं मीटर काढलं, तारेला लावलं की आतून किती वीज जाते ते दाखवणारं. ताई गडबडीत मशीन आमच्याकडेच विसरली होती. ते यांनी लावलं, मीटर धरलं, चष्मा बदलला.

"बघ," म्हणाले. "एका अँपिअरच्याही आत. जुन्या पिवळ्या दिव्याला लागायची त्याहून थोडी जास्त वीज. एवढ्यासाठी तू बंब पेटवलास."

"मग चाचांचा छोटा चालेल?"

"असली तीन मशीनं चालतील." हे मीटर पिशवीत ठेवत म्हणाले, "आणि त्याला धुराजवळ ठेवायचंच कशाला? वीज तारेतून जाते. तार लांब टाकली की धूर तिकडे, ताई इकडे. चौतीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

यांना त्या क्षणी डबड्यातली वीज चालायला लागली. तार टाकायची म्हटल्यावर तो यांचा प्रांत झाला.

भाच्याला फोन यांनीच केला. मशीन द्यायला येतोच आहे, एकदा आणखी बघ, असं म्हणाले. भाचा नाही म्हणत होता. मागून ताईचा आवाज आला, "येऊ दे. पावन्याला कदी नाय बोलतात का?" यांना ती पावनं म्हणते, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तरी.

मोठा जनरेटर परत चौघांनी टेम्पोत चढवला. चाचा दुकानात जुन्या मोटारीचं तांबं सोडवत बसले होते. जनरेटरवरचं हळद-कुंकू बघून म्हणाले, "सासरहून परत आली वाटतं." त्यांनी लाल पेटी पुढे सरकवली.

आता निवडायची माझी पद्धत मी बदलली. मी ती पेटी मुठीनं उचलली आणि कमरेवर घेतली. लहानपणी विहिरीवरून भरलेली कळशी आणायचो तशी. कळशीएवढीच भरली. दुकानातून बाहेर आले, रस्त्यावरून पंपाच्या पाटीपर्यंत गेले, वळून परत आले. रिक्षावाले बघत होते. चाचा यांना म्हणाले, "साहेब, आखातात मी तीनशे जनरेटर सांभाळले असतील. कमरेवर घेऊन तपासलेला हा पहिला."

"उचलता आला," मी म्हटलं. "हाच."

यांनी मात्र तो चालू करून घेतला, मीटर लावलं, कान जवळ नेला, कान लांब नेला, चाचांशी अर्धा तास इंजिनावर बोलले. दोघं मित्रच झाले. शिवाय यांनी तीस मीटर तार घेतली, बोटाएवढी जाड. चाचा म्हणाले, एवढी जाड लागत नाही. हे म्हणाले, "असू दे. लांब तारेत विजेचा दाब पडता कामा नये." घरात एकानं चार जास्तीची धरायची असतात, त्या दिवशी ती यांनी धरली.

चिरनेरला ताईच्या अंगणात मांडामांड यांनी केली. मी फक्त माझ्या जुन्या साडीची एक चिंधी फाडून काठीला बांधली आणि अंगणात रोवली. चिंधी उडेल तिकडे वारं. वारं जाईल त्या बाजूला, गोठ्याच्याही पलीकडे, पेटी ठेवली. हळद-कुंकू नाही, नारळ नाही. तार गोठ्याला वळसा घालून अंगणात आणली. ताई ओटीवर बसली, मास्क लावला, आणि तिचं मशीन घुर्र करून चालू झालं.

भाचा घड्याळ बघत उभा. पाच मिनिटं झाल्यावर म्हणाला, "काका, जनरेटर चालू कधी करणार?"

"चालू आहे."

"आवाज कुठाय?"

"तुझ्या आईच्या मशीनचाच त्याच्यापेक्षा जास्त आहे."

त्याला पटेना. तो खाली वाकला आणि तार बोटांत धरून निघाला, हळूहळू, माळेतले मणी मोजावेत तसा. त्याला वाटलं, आम्ही गुपचूप त्याच्याच घराच्या भिंतीत प्लग घातलाय. तार धरून तो अंगण ओलांडून गेला, शेवग्याच्या मागे गेला, गोठ्याला वळसा घातला. मध्ये म्हशीनं तारेवर पाय ठेवलेला, तर तिला बाजूला करायला दोन मिनिटं गेली. मग गोठ्यामागून त्याचा आवाज आला, "अरे, ही पेटी?"

तो परत आला तेव्हा पंधरा मिनिटं होऊन गेली होती. ताईनं मास्क काढून पुसून ठेवला होता. तिला ढास नाही, काही नाही.

भाचा म्हणाला, "ठीक आहे. पण मावशी, तिथं पाऊस आला तर? आणि पेट्रोल संपलं तर? रेंज नसेल तर? मी असं करतो, एकदा मी आधी जाऊन जागा बघून येतो, मग पुढच्या महिन्यात..."

ताई म्हणाली, "तू शाळेत जायचास तवा मी आदी शाळा बघून आलेली का?"

तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बाबा, तू लय करतोस माजं. आता दोन दिस मला करू नको."

तो आत गेला. मला वाटलं रुसला. बाहेर आला तर हातात ताईची पिशवी, औषधांचा डबा आणि वर एक छत्री. छत्री डिसेंबरात.

पुढच्या शुक्रवारी गेलो. धरणाच्या काठी दुपारी पोचलो. खिडकीखालचा पलंग परत आपल्या जागी बसवलेला होता. यांनी वारं बघितलं, चाचांच्या सांगण्याप्रमाणे गाडीपासून भरपूर दूर, बाभळीपलीकडे पेटी नेऊन ठेवली. नेली मी, कमरेवर, ठेवली यांनी. जाड तार ओढत आणली. यांच्या सोबत्यानं येऊन ती तार बघितली आणि म्हणाला, "तुझ्या मापानं तर इथून माझ्या विहिरीचा पंप चालेल." मग दोघं बाभळीखाली विजेच्या गप्पा मारत बसले.

संध्याकाळी उन्हं उतरायच्या वेळेला ताई गाडीच्या पायरीवर बसली. स्टूल पुढे घेतलं, औषध घातलं, मास्क लावला. मशीन चाललं. ती वाफ ओढत पाण्याकडे बघत होती. मध्ये एकदा मास्क बाजूला करून तिनं मला बोटानं दाखवलं, दोन टिटव्या काठावर भांडत होत्या. परत मास्क लावला. पंधरा मिनिटं झाली तरी ती तशीच बसून होती, मी बंद करायला उठले तर हातानं थांब म्हणाली.

मग तिनं कनवटीचा फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन मुलाचं नाव शोधलं आणि लावला. तिकडून तो काय काय विचारत असावा. ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"वीज चालली," ती म्हणाली. "सकाली परत चालंल. मदी फोन करू नको."